गाव म्हणायचं नाही

आमच्या वर्गात नेट फक्त तिसऱ्या खिडकीपाशी येतं. पहिल्या दोन खिडक्यांसमोर टॉवर उभे राहिले आहेत. तिसरीतून अजून करी रोडच्या पुलाचा एक तुकडा दिसतो, आणि नेट त्या पुलावरूनच चालत येतं असं माझ्या दुसरीच्या पोरांचं ठाम मत आहे. त्यामुळे टॅबचा तास आला की एकतीस मुलं त्या एका खिडकीभोवती दाटीवाटीनं बसतात आणि उरलेला वर्ग ओस पडतो. दारातून कोणी डोकावलं तर त्याला वाटावं, खाली रस्त्यावर मारामारी चाललीय आणि बाईंसकट सगळे ती बघताहेत.

सव्वीस वर्षं मी याच शाळेत शिकवते आहे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. मधल्या काळात रेडिओ आला, सीडी आल्या, प्रोजेक्टर आला. प्रोजेक्टर अजून आहे, फक्त तो ज्या कपाटात आहे त्याची किल्ली सापडत नाही. दर वेळी कोणीतरी येऊन हसतमुखानं सांगतं की बाई, आता तुमचं काम हलकं होणार, आणि त्या दिवसापासून माझं एक काम वाढतं. मी कशाच्या विरुद्ध वगैरे नाही. नुसती दमलेली आहे. पण ट्रेनिंगला आलेल्या माणसाला हे सांगितलं की तो वहीत ‘विरोध’ असं लिहून घेतो, म्हणून आता मी तेही सांगत नाही.

जूनमध्ये टॅब आले. एका संस्थेनं दिले. संस्थेतर्फे एक मुलगी यायची, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर लॅपटॉपची बॅग. तिला सगळे ताई म्हणायचे, म्हणून मीही ताई म्हणायचे, जरी ती माझ्या लेकीपेक्षा लहान होती. स्वभावानं गोड होती. तिनं अर्ध्या दिवसात आम्हाला लॉगिन, सिंक आणि डॅशबोर्ड शिकवलं आणि शेवटी म्हणाली, “बाई, तुम्हाला काहीच करायचं नाही. सगळं ॲपच करतं.”

“मग मी काय करू?” मी विचारलं. मी खरंच विचारलं होतं. तिला वाटलं मी गंमत करते आहे, ती हसली.

मी काय करायचं ते लवकरच कळलं. मी टॅब चार्ज करायचे. वर्गातल्या दोन प्लगपैकी एक चालतो, त्याला एक्स्टेन्शन, त्या एक्स्टेन्शनला आणखी एक. मी पासवर्ड लक्षात ठेवायचे. मुलांना लिहिता येत नाही म्हणून चित्रांचे पासवर्ड होते, कुणाचा आंबा-हत्ती-छत्री, कुणाचा बस-मासा-फूल. प्रत्येकाला स्वतःचा सोडून शेजाऱ्याचा पाठ. पहिली वीस मिनिटं “बाई, माझा हत्ती पहिला का मासा?” यातच जायची. मग नेट जायचं. मग कुणाला तरी शू लागायची आणि त्याच्याबरोबर चौघांना.

ॲपमध्ये एक बाई बोलायची. पोरं तिला टॅबमधली बाई म्हणायची. आवाज असा की साखरेच्या पाकातून काढलेला. उत्तर बरोबर आलं की “वा, अगदी बरोबर. तुला मिळाली एक चांदणी.” चुकलं की “छान प्रयत्न. पुन्हा एकदा म्हणून बघ.” पन्नास वेळा चुका, ती पन्नास वेळा त्याच आवाजात छान प्रयत्न म्हणणार. “ती बाई ओरडत नाय,” असं एका पोरीनं मला तोंडावर सांगितलं. मी म्हटलं, तिला मतदारयाद्यांची, बीएलओची ड्युटी नाही ना. पोरीला काय कळणार. पण शेजारच्या वर्गातल्या बाई दारात उभ्या होत्या, त्या बराच वेळ हसत होत्या.

खरं सांगायचं तर बेरजेचे खेळ चांगले होते. उत्तर बरोबर आलं की फुगे फुटायचे, पोरं हातचा न विसरता गणितं करायची. मला स्वतःला ते फुगे फोडायला आवडायचे. माझं सगळं बिनसलं ते भाषेच्या भागात, आणि तेही एका शब्दावरून.

त्याआधी शनिवारचं सांगायला हवं. शनिवारी आमची सकाळची शाळा. शेवटचा तास मी कधीच कुठल्या वेळापत्रकात न लिहिता गप्पांना ठेवलेला असे. त्याचा एकच नियम होता. लाकडी डस्टर ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी गप्प. बोलून झालं की डस्टर पुढच्याला द्यायचं. डस्टर हातात आहे आणि गप्प बसलं, असं चालत नाही. काही नाही तर सकाळी काय खाल्लं ते तरी सांगायचं. नवा डिजिटल फळा बसल्यापासून त्या डस्टरला दुसरं कामही उरलं नव्हतं.

या वर्षी त्या डस्टरवर एका मुलीची मालकी होती. दोन वेण्या, त्यातली एक कायम सुटलेली. आई लालबागच्या एका मसाल्याच्या दुकानात मिरच्यांची देठं काढायला जाते, वडील आमच्या पहिल्या खिडकीसमोरच्याच टॉवरला सिक्युरिटीत आहेत. घरचे मालवणकडचे. ही पोर दर शनिवारी एकच गोष्ट सांगायची आणि ती कधी संपायची नाही. “बाई, आमच्या गावाक ना, बावीत एक कासव आसा.” बाव म्हणजे विहीर, हे आमच्या वर्गात कोणाला सांगावं लागत नाही. काका बादली सोडतो तेव्हा कासव बाजूला होतं. एकदा ते बादलीतच बसून वर आलं. एकदा म्हणे त्यानं काकाचा पडलेला चष्मा खालून शोधून दिला. यातलं किती खरं ते देव जाणे. पण सोमवारी शाळा भरताना पोरं तिला विचारायची, कासव आता काय करतंय, आणि ती जणू तिकडून रोज फोन येत असल्यासारखी सांगायची. सव्वीस वर्षांत अशी बोलणारी पोर मला दोन किंवा तीनदाच मिळाली असेल. ती बोलायला लागली की मी खुर्चीत मागे टेकून बसायचे. आठवड्यातली तेवढीच दहा मिनिटं मला दमल्यासारखं वाटायचं नाही.

जुलैमध्ये पातळी तपासणी लागली. प्रत्येक मुलानं एकट्यानं टॅबसमोर बसायचं, चित्र बघायचं आणि काय दिसतं ते बोलून सांगायचं. पहिलं चित्र होतं उतरत्या लाल कौलांच्या घराचं. शेजारी दोन माड, मागे सूर्य, पुढे पायवाट.

पहिला मुलगा बसला. टॅबमधली बाई म्हणाली, “चित्रात काय दिसतं? सांग बघू.”

“गाव,” तो म्हणाला.

“छान प्रयत्न. पुन्हा एकदा म्हणून बघ.”

त्याला वाटलं तिला ऐकू आलं नाही. “गाव,” तो मोठ्यानं म्हणाला. तिसऱ्यांदा तर तो ओरडलाच. तीनदा चूक झाली की ॲप खालच्या पायरीवर नेतं, अ आ इ ई दाखवतं आणि नावापुढे लाल गोल देतं. त्याला लाल गोल मिळाला. पुढची मुलगी बसली. गाव. तिच्या मागची. गाव. एकानं रिसॉर्ट म्हटलं, त्याच्या बाबांनी त्याला अलिबागला नेलं होतं. पाच-सात जणांनी घर म्हटलं आणि ते पुढे गेले. निम्म्याहून जास्त वर्ग लाल झाला.

आता यात पोरांचं काय चुकलं. इथली माणसं राहतात ती खोली. शाळेतून सुटल्यावर पोरं जातात ते घर, म्हणजे तीच खोली, तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीत चपला आणि पाण्याचं पिंप. आणि कौलं, माड, पायवाट असलेलं जे असतं ते गाव. ‘गावाला चाललो’ म्हणतात तेव्हा हेच चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे असतं. लालबाग-परळच्या कुठल्याही पोराला ते चित्र दाखवा, ते गाव म्हणेल. चित्र काढणाऱ्यानं आणि प्रश्न लिहिणाऱ्यानं कुठे बसून काम केलं कोण जाणे, त्यांना हे माहीत असायचं कारण नव्हतं.

वेणीवाली पोर बसली, तिनंही तीनदा गाव सांगितलं आणि लाल झाली. पण ती उठून गेली नाही. ती माझ्याकडे वळली आणि मला समजावून सांगू लागली, जणू ॲप मीच बनवलं होतं. “बाई, हे घर नाय. घराच्या वर दुसऱ्यांचं घर असतं. ह्याच्या वर कोणच नाय.”

मी ते वाक्य हजेरीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. संस्थेची ताई आली तेव्हा तिला वाचून दाखवलं. ती मनापासून हसली, किती गोड म्हणाली, आणि म्हणाली, “मी फीडबॅक टाकते बाई. पण उत्तर वरूनच सेट केलेलं असतं.” चार दिवसांनी मला मेल आला की तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. त्यानंतर काही आलं नाही.

मोठ्या बाईंकडे गेले. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांच्या टेबलावर दोन फोन चार्जिंगला आणि तिसरा कानाला. त्यांनी कानावरचा बाजूला केला, डॅशबोर्ड माझ्याकडे फिरवला. सगळ्या शाळेत माझ्या वर्गाची पट्टी सर्वात लाल होती. मी गाव आणि घराचं, त्या पोरीच्या कासवाचं सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं, त्या स्वतः घोडपदेवला वाढलेल्या, त्यांना एका वाक्यात कळलं. “मीसुद्धा गावच म्हटलं असतं,” त्या म्हणाल्या. “पण पुढच्या शुक्रवारी वरची माणसं बघायला येणार आहेत. त्यांना तुम्ही कासव सांगणार का? लाल कमी करा. कसं ते मला सांगू नका.” आणि फोन परत कानाला लावला. त्यांनाही कोणीतरी पलीकडून हेच सांगत असावं.

त्या आठवड्यापासून शनिवारचा शेवटचा तास लाल मुलांच्या उपचारात्मक सरावाला गेला. उपचारात्मक हा शब्द माझा नाही, तो फॉर्मवर असतो.

ॲप आणखी एक काम करत होतं जे मला ट्रेनिंगमध्ये नीट ऐकू आलं नव्हतं. ते पालकांच्या मोबाइलवर निकाल पाठवत होतं. बुधवारी दुपारी वेणीवालीची आई मधल्या सुट्टीत कामावरून तशीच आली. फोन पदराच्या टोकात धरलेला. “बाई, तुमीच दाबा वो,” ती म्हणाली, “माझ्या हाताक मिरची हा.” मी दाबलं. मुलीचं नाव, त्यापुढे लाल गोल आणि खाली ‘प्रारंभिक स्तर’.

“प्रारंभिक म्हणजे काय ओ बाई?”

“म्हणजे सुरुवातीची पातळी.”

“म्हणजे तिका काय येत नाय.”

“तसं नाही हो. येतं तिला. उलट...”

“मग ता लाल कित्याक?” तिच्याकडे बघून वाटलं ही आता रडेल, पण ती रडली नाही. डोळे पुसायला हात वर नेला आणि मिरचीची आठवण होऊन तसाच खाली आणला. “घराकडे हिची टकळी थांबत नाय. मी म्हटलंय तिका, बडबड बंद. आदी ता हिरवा कर, मगे बोल.”

त्या वेळी मी तिला खाली बसवून सांगायला हवं होतं की तुमची मुलगी या वर्गातली सर्वात हुशार बोलणारी मुलगी आहे, आणि हे यंत्र तिच्यापुढे काहीच नाही. बडबड अजिबात बंद करू नका. माझ्या पोटात हे सगळं होतं. पण घंटा झाली, ऑफिसातून दुसऱ्यांदा माणूस आला की बाई, पोषण आहाराचा तक्ता द्या, आणि तिलाही परत दुकानात जायचं होतं. मी म्हणाले, “होईल हिरवं. मी बघते.”

गुरुवारी मी ते केलं. नव्या फळ्यावर बोटानं कौलारू घर काढलं, माडसुद्धा काढले. “हे काय?”

“गाव,” वर्ग म्हणाला.

“गाव म्हणायचं नाही. घर म्हणायचं. म्हणा.”

“गाव म्हणायचं नाही, घर म्हणायचं.” पाढे म्हणतात त्या चालीत म्हणाली पोरं. दहा वेळा, वीस वेळा. त्यांना मजा येत होती. मग एकेकाला तिसऱ्या खिडकीपाशी नेऊन परत तपासणीला बसवलं. घर, चांदणी. घर, चांदणी. एखादा घाईत गाव म्हणायचा, सगळे ओरडायचे “म्हणायचं नाय”, तो जीभ चावायचा, घर म्हणायचा. बाहेर ऊन-पावसाचा खेळ चालला होता, वर्गात पंखा एकच, एक्स्टेन्शनला जळका वास येत होता. साडेचार वाजता फक्त ती एकटी राहिली.

“चित्रात काय दिसतं? सांग बघू.”

“गाव.”

“अगं,” मी म्हणाले.

“छान प्रयत्न. पुन्हा एकदा म्हणून बघ.”

“पण बाई, गावच आहे ते. तुम्ही आमच्या गावाक या, मग...”

आणि माझा तोल गेला. मी या पोरीवर कधी आवाज चढवला नव्हता. मी म्हणाले, “तुला काय वाटतं ते कोणी विचारलंय का? ती विचारते तेवढं सांग. सारखं सारखं काय गाव गाव.”

ती टॅबकडे न बघता माझ्याकडे बघत राहिली. मग ती टॅबकडे वळली आणि म्हणाली, “घर.”

“वा, अगदी बरोबर. तुला मिळाली एक चांदणी.”

मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला नुसतं बरं वाटलं. संपलं एकदाचं. मी टॅब मोजून कपाटात ठेवले, पंखा बंद केला आणि डबा न खाताच घरी गेले.

शुक्रवारी माणसं आली. चहा प्यायली, तिसऱ्या खिडकीपाशी मुलांबरोबर फोटो काढले. पट्टी हिरवी होती. एका साहेबांनी पहिल्या रांगेतल्या मुलाला कौतुकानं विचारलं, बाळ, हे काय. “घर,” तो म्हणाला आणि साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाईंनी लांबून माझ्याकडे बघून मान हलवली. त्यात शाबासकी नव्हती, दिवस निघाला एवढंच होतं.

त्या रात्री नाही, पण पुढच्या आठवड्यात कधीतरी भांडी घासताना मला माझंच वाक्य ऐकू आलं. सारखं सारखं काय गाव गाव. हे इतकं सहज माझ्या तोंडून कसं निघालं याचा मी विचार करत राहिले, आणि ते कुठून आलं ते मला माहीत होतं.

आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतले. वडील गिरणीत होते. शेजारच्या जिन्यातली कोकणातली पोरं मे महिन्यात आणि गणपतीत गावाला जायची आणि फणसाचे गरे, करवंदं आणि गोष्टी घेऊन यायची. आम्ही कुठेच जायचो नाही. आमचा सण एप्रिलमध्ये, जयंतीला, चाळीच्या पटांगणात निळे झेंडे लागायचे तो. मी वडिलांना विचारायचे, आपण गावाला कधी जायचं. ते म्हणायचे, आपलं गाव हेच, सारखं सारखं काय गाव गाव. एका वर्षी मी फार हट्ट धरला, दोन दिवस जेवले नाही. तेव्हा त्यांनी मला जवळ बसवलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, “त्या गावात एक विहीर होती. आपल्याला तिच्यावर जायची परवानगी नव्हती. आता मी तिथं जाऊन तुला काय दाखवू?” त्यानंतर मी विचारलं नाही. आमच्या घरात तो शब्दच फारसा राहिला नाही.

म्हणून त्या पोरीच्या विहिरीतलं कासव मी खुर्चीत टेकून ऐकायचे तेव्हा मला आनंद व्हायचा हे खरं, पण आत कुठेतरी थोडं टोचायचंही. एवढीशी पोर, तिला विहीर आहे, काका आहे, कासव आहे. गुरुवारी उन्हात, जळक्या वासात ते टोचणंच बोललं असेल. मी माझ्या वडिलांना दोष देत नाही. त्यांनी मला एका दुःखातून सोडवलं होतं. मी त्याच शब्दांनी त्या पोरीचं सुख काढून घेतलं, आणि तिला त्यातलं काही माहीतसुद्धा नव्हतं.

नंतर तिची गाडी सुसाट सुटली. दुसरी पायरी, तिसरी पायरी. चित्र बघून शब्द, शब्दावरून शब्द. ऑगस्ट संपेपर्यंत ती ‘प्रगत’ झाली. तिची आई आली, यावेळी हात धुऊन आली होती आणि फोनवर तिनं स्वतःच बोटानं मला हिरवा गोल दाखवला. घरच्या मसाल्याची पुडी माझ्या हातात ठेवली. “बाई, तुमचे उपकार,” म्हणाली. “आता एकदम शांत झाली. विचारला तेवढाच बोलता.” मी पुडी घेतली. वर्गातही ती तशीच झाली होती. विचारलं की एका शब्दात उत्तर, मग माझ्याकडे बघत उभी. पोरगी शहाणी झाली असं मला वाटलं. नोंदवहीत मी ‘वर्गात शांत बसते’ असं लिहिलं, आणि तेही चांगल्या अर्थानं लिहिलं.

गणपतीत आमचा वर्ग रिकामा होतो. सुट्टी सरकारी असते पाच दिवसांची, पोरं येतात पंधरा दिवसांनी, काळवंडून, पायांवर डासांचे फोड घेऊन. तीही तशीच आली. वेणी सुटलेली, हातावर पुसत आलेली मेंदी. त्या शनिवारी ठरवलं की आता वर्ग हिरवा आहे, गप्पांचा तास परत सुरू करायचा. डस्टर शोधायला वेळ लागला. टॅबच्या खोक्यांच्या मागे सापडलं, जुन्या खडूची पांढरी पूड अजून चिकटलेली. मी मुद्दाम तिच्यापासून सुरुवात केली. तिला उभं केलं, डस्टर तिच्या हातात दिलं आणि आधीसारखी खुर्चीत मागे टेकून बसले.

“हं, सांग. गणपतीत कुठे गेली होतीस?”

“घर,” ती म्हणाली.

आणि थांबली. तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावर होते. उत्तर दिल्यावर टॅबच्या काचेवर चांदणी येते का हे ती ज्या नजरेनं बघायची, त्याच नजरेनं.

“गावाक गेल्ली ती बाई,” मागून एक जण म्हणाला, “आमच्याच गाडीत होती.” दोघं-तिघं हसले. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

मी खुर्चीत सरळ झाले. “अगं, गावाला ना? तुमच्या बावीतलं कासव कसं आहे? काकाचा चष्मा परत पडला का?”

ती जरा विचारात पडली. यातलं नेमकं काय विचारलंय ते ती शोधत होती. मग म्हणाली, “विहीर.” माझा चेहरा बघितला. “कासव.”

तिनं बाव म्हटलं नाही. विहीर म्हणाली, स्वच्छ, टॅबमधल्या बाईसारखी.

“तसं नाही गं बाळा,” मी म्हणाले. “तसं एकेक शब्द नको. पहिल्यासारखं सांग. आमच्या गावाक ना...”

“बाई, गाव म्हणायचं नाही,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. फळ्यावर लिहिताना माझी वेलांटी चुकली की पोरं मला हळूच सांगतात, त्या आवाजात ती मला आठवण करून देत होती. “तुम्हीच सांगितलंय.”

मग तिनं पुढे येऊन डस्टर माझ्या हातात ठेवलं, पांढरे झालेले हात फ्रॉकला पुसले आणि जागेवर जाऊन बसली, हाताची घडी घालून.

नियम माझाच होता, डस्टर ज्याच्या हातात त्यानं बोलायचं. एकतीस पोरं माझ्याकडे बघत वाट बघत होती.